घरात जेवणाची वेगळी खोली हवी का? नकाशावर सही करण्याआधी हे करा

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला तेव्हा नव्या फ्लॅटच्या नकाशाचे दोन पर्याय समोर आले. एकात मोठा हॉल आणि त्याच्याच टोकाला जेवणाचं टेबल. दुसऱ्यात हॉल लहान, पण स्वयंपाकघराशेजारी दहा बाय दहाची, दार असलेली, जेवणाची स्वतंत्र खोली. आम्ही दुसरा पर्याय घेतला. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे त्यांचं खाली बसणं बंद झालं होतं, घरात येणंजाणं भरपूर होतं, आणि इतकी वर्षं दोन खोल्यांत काढल्यावर जेवायला वेगळी खोली असणं ही आमच्यासाठी मोठी गोष्ट होती.

राहायला गेल्यावर सहा-आठ महिन्यांत त्या खोलीतल्या टेबलावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग बसू लागला. मुलं ताट घेऊन टीव्हीसमोर, सासूबाई त्यांच्या खोलीत, नवरा आला की जेवणार, आणि मी सगळ्यांना पोळ्या वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्याने. दीड वर्षाने आम्ही मधल्या भिंतीचा काही भाग काढला. तोडफोड, धूळ आणि दुसऱ्यांदा खर्च. हे सगळं नकाशावर सही करण्याआधी पंधरा दिवस विचार केला असता तर टळलं असतं. ते पंधरा दिवस कसे वापरायचे, हे इथे क्रमाने सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पुण्या-मुंबईतल्या साध्या टू किंवा थ्री बीएचकेत दार लावता येणारी जेवणाची खोली बहुतेक घरांना पेलत नाही. पण जेवणाची ठरलेली जागा मात्र प्रत्येक घराला हवी, आणि ती गॅसपासून हाकेच्या अंतरावर हवी. अपवाद आहेत, ते सातव्या पायरीत येतील.

हाताशी काय हवं

एक वही, मेजर टेप, खडू, एक सिंगल चादर आणि घरातलं रोजच्या वापराचं सगळ्यात मोठं ताट. ताट कशाला, ते पुढे कळेल.

कागदपत्रांत: महापालिकेने मंजूर केलेला नकाशा, करारनामा आणि त्याला जोडलेला तुमच्या फ्लॅटचा नकाशा (पुनर्विकासात कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करारनामा), इमारतीचा बीम-कॉलम दाखवणारा आरसीसी (सळई-काँक्रीटच्या सांगाड्याचा) नकाशा, आणि जुन्या घरात बदल करणार असाल तर सोसायटीचं लेखी नाहरकत पत्र. प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर मंजूर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ब्रोशरमधल्या रंगीत चित्राशी ते जुळवून बघा.

१. पंधरा दिवस जेवणाची नोंद ठेवा

वहीत रोज चार गोष्टी लिहा: कोण जेवलं, किती वाजता, कुठे बसून, आणि एका वेळी जास्तीत जास्त किती जण एकत्र होते. सकाळचा नाश्ता आणि डबे भरणंही लिहा, कारण टेबलाचा खरा वापर बऱ्याच घरांत सकाळी साडेसहा ते आठ या वेळात होतो.

आम्ही ही नोंद खूप उशिरा केली, खोली बांधून झाल्यावर. पाच माणसांच्या घरात पाचही जण एकत्र बसले असे प्रसंग पंधरा दिवसांत चार निघाले, तेही दोन्ही रविवार धरून. आठपेक्षा जास्त माणसं जेवायला होती असा दिवस एक. खोली मात्र आम्ही त्या एका दिवसाच्या हिशोबाने मागितली होती.

नोंद ठेवताना सण नसलेला, परीक्षा नसलेला साधा पंधरवडा निवडा. घरातल्यांना आधी सांगू नका. सांगितलं की सगळे वेळेवर जेवायला येतात, आणि वहीत तुमचं नेहमीचं घर उतरत नाही.

२. शेवटची पोळी करणारं माणूस कुठे जेवतं ते बघा

जेवणाच्या खोलीबद्दल कुणी हा प्रश्न विचारत नाही, आणि आपल्या घरांत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. काही ठिकाणी जेवण आधी पूर्ण तयार करून, टेबलावर मांडून, मग सगळे एकदम बसतात. तिथे स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा यांत भिंत असली तरी फारसं बिघडत नाही. आपल्याकडे तव्यावरची पोळी, फुलका, भाकरी गरम गरम ताटात पडते. म्हणजे जेवण चालू असताना एक माणूस गॅसपाशी असतंच. मध्ये भिंत आणि दार आलं की ते माणूस जेवणातून बाहेर पडतं. गप्पा त्याला ऐकू येत नाहीत, कुणाला काय हवं ते दिसत नाही, ते नुसतं ये-जा करत राहतं. आणि बहुतेक घरांत ते माणूस बाईच असते.

माझ्या माहेरच्या जुन्या घरात पंगत माजघरात बसायची. पुरुष आणि मुलं आधी, मग बायका. स्वयंपाकघराच्या दारातून आजी वाढायची आणि सगळ्यांचं झालं की उरलेलं घेऊन बसायची. नवं घर घेताना ती रीत आपण मोडली असं मला वाटत होतं. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीने ती परत आणली.

तेव्हा नकाशा हातात घ्या आणि गॅसच्या जागेवर बोट ठेवा. तिथून टेबलापर्यंत किती पावलं? मध्ये दार आहे का? गॅसपाशी उभं राहून टेबलावरचं ताट दिसतं का? पावलं पाच-सहाच्या आत आणि ताट दिसत असेल तर जागा चांगली आहे. नसेल, तर खोली कितीही देखणी असो, पुढच्या पायऱ्या वाचूनच निर्णय घ्या.

तुमच्याकडे पोळ्या आधीच करून डब्यात ठेवतात, किंवा मावशी सकाळीच करून जातात, किंवा जेवण भातावर चालतं, तर ही पायरी तितकी कडक लावू नका. कोकणात आणि गोव्यात रोजच्या जेवणात भात जास्त, तिथे गरम पोळीची अडचण कमी. मात्र मासे तळत असतील तर वेगळाच मुद्दा येतो. तो पाचव्या पायरीत सांगते.

३. माप घ्या, आणि ताटाने घ्या

ब्रोशरच्या नकाशात टेबल-खुर्च्या नेहमी बसतात, कारण त्या चित्रात लहान काढलेल्या असतात. त्यावर विश्वास ठेवू नका. खरी मापं अशी:

टेबलाची उंची साधारण ३० इंच, खुर्चीच्या बैठकीची १८ इंच. एका माणसाला बसायला टेबलाची कड किमान २ फूट लागते. खुर्ची मागे ओढून उठायला टेबलापासून भिंतीपर्यंत अडीच फूट हवेत. बसलेल्या माणसाच्या पाठीमागून वाढणाऱ्याला भांडं घेऊन जायचं असेल तर साडेतीन फूट.

आता ताट आणा. रोजचं मराठी ताट १२ इंचांचं धरा. चार माणसांचं टेबल बाजारात बहुधा ४ फूट बाय अडीच फूट मिळतं. अडीच फूट म्हणजे ३० इंच. समोरासमोर दोन ताटं ठेवली की २४ इंच गेले. उरलेल्या ६ इंचांत आमटीचं पातेलं, भाताचं भांडं, पोळ्यांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि लोणच्याची बरणी कशी मावणार? वाट्या ताटाबाहेर ठेवायची सवय असेल तर तेवढेही इंच उरत नाहीत. दुकानातल्या टेबलावर चिनी मातीच्या बशा मांडलेल्या असतात, त्यामुळे ही अडचण तिथे दिसत नाही. ३ फूट रुंदीचं टेबल घेतलं की मध्ये १२ इंच मिळतात आणि जेवण सुखाचं होतं. लांबी कमी चालेल, रुंदी ३ फुटांपेक्षा कमी घेऊ नका.

सहा माणसांसाठी ६ बाय ३ चं टेबल धरलं, तर रुंदीत ३ फूट टेबल, एका बाजूला अडीच, वाढायच्या बाजूला साडेतीन, असे ९ फूट. लांबीत ६ फूट टेबल आणि दोन्ही टोकांना खुर्च्या असल्या तर अडीच-अडीच, असे ११ फूट. म्हणजे सहा जणांच्या टेबलाला खरी खोली ९ बाय ११ ची लागते, आणि त्यात कपाट, शोकेस, फ्रिज काहीही ठेवायचं नाही. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत हेच टेबल आणि वर फ्रिज होता. टोकाच्या खुर्चीवर बसलेल्याला उठल्याशिवाय फ्रिज उघडता येत नव्हता.

४ फूट व्यासाच्या गोल टेबलाचा परीघ साडेबारा फूट होतो. त्याभोवती पाच माणसं आरामात आणि सहा जण जरा दाटीवाटीने बसतात. कोपरे नसल्यामुळे वाढणंही सोपं. त्याला ९ बाय ९ ची मोकळी जागा लागते, पण ते भिंतीला टेकवता येत नाही. जागा कमी असेल तर चौकोनी टेबलाची एक टोकाची बाजू भिंतीला लावणं जास्त सोयीचं.

हे सगळं आकड्यांत ठेवू नका. सिंगल चादर साधारण ५ बाय साडेसात फुटांची असते. ती टेबलाच्या मापाची घडी करून आत्ताच्या घरात जमिनीवर अंथरा, भोवती खुर्च्या मांडा, खडूने नव्या खोलीच्या भिंती आखा. मग घरातल्या सगळ्यांना बसवा आणि एकाने पातेलं घेऊन वाढून बघा. दहा मिनिटांत जे कळतं ते चार बैठकांत कळत नाही. सासूबाईंना काठी घेऊन वळायला जागा आहे का, हे मला अशा चादरीने कळलं असतं.

मापाच्या बाबतीत आणखी एक. नकाशावरचं माप बऱ्याचदा विटेच्या भिंतीचं असतं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर, टाइल्स आणि स्कर्टिंग लागल्यावर खोली एक-दीड इंच आकसते. ९ फूट सांगितलेल्या खोलीत नेमकं ९ फुटांचं गणित बसवू नका.

४. खोलीची किंमत चौरस फुटांत काढा

२०१६ च्या रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्यात चटई क्षेत्राची (कार्पेट एरियाची) व्याख्या दिली आहे. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप जाण्याची पोकळी), बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत, पण घरातल्या मधल्या भिंतींची जागा धरतात. म्हणजे मधली भिंत ज्या जमिनीवर उभी आहे, तिचेही पैसे तुम्ही भरता. १० फूट लांबीची साधी चार इंची भिंत प्लास्टरसकट ४ चौरस फुटांच्या आसपास जागा खाते. शिवाय दार उघडायला लागणारी जागा कायमची मोकळी सोडावी लागते.

दहा बाय दहाची खोली म्हणजे १०० चौरस फूट. तुमच्या भागात चौरस फुटाला १० हजार रुपये भाव असेल, तर ती खोली १० लाखांची झाली. मग पहिल्या पायरीतली वही उघडा आणि स्वतःला विचारा, याच १०० चौरस फुटांत मुलीच्या अभ्यासाची खोली, आईवडिलांसाठी पलंग किंवा घरून काम करायची जागा जास्त गरजेची आहे का. उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येईल. पण प्रश्न पैशात मांडला की घरातली चर्चा लवकर मार्गाला लागते.

स्वयंपाकघरातच टेबल मांडायचा विचार असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद हवं. स्वयंपाकघरातच जेवायचं असेल तर किमान ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर रुंद, म्हणजे जवळपास ८१ चौरस फूट आणि ७ फूट रुंदी. ही किमान मापं आहेत. चार खुर्च्यांचं टेबल आणि मोकळेपणाने हलायचं असेल तर १०० चौरस फुटांच्या खाली मी तरी जाणार नाही.

५. पाणी, वारा, उजेड, वास

जेवणाच्या जागेचं सुख या चार गोष्टींवर ठरतं, आणि नकाशावर यातली एकही दिसत नाही.

हात धुवायचं बेसिन टेबलापासून चार पावलांत हवं, पण बसलेल्याच्या पाठीशी नको. चुळा भरण्याचा आवाज आणि उडणारं पाणी जेवणाऱ्याला नकोसं होतं. बेसिनची जागा न्हाणीघराच्या भिंतीला लागून ठेवली तर पाइप सोपा जातो. भलत्याच भिंतीवर मागितलं तर सांडपाण्याचा पाइप उतार देत लांबवर न्यावा लागतो, किंवा स्लॅबला भोक पाडून खालच्यांच्या छतातून काढावा लागतो. हा दुसरा मार्ग कधीही घेऊ नका. गळती सुरू झाली की खालच्या घराशी संबंध बिघडतात ते वर्षानुवर्षं.

पंखा टेबलाच्या अगदी मध्यावर लावला की भात वाळतो आणि पोळी वातड होते. जेवणाची जागा स्वयंपाकघराला खुली असेल तर त्या वाऱ्याने गॅसची ज्योतही हलते. पंखा टेबलाच्या मध्यापासून दोन-अडीच फूट बाजूला, गॅसपासून दूर घ्या, किंवा भिंतीवरचा पंखा बसवा. टेबलावर लोंबणारा दिवा हवा असेल तर तो टेबलापासून ३० ते ३४ इंच वर असावा. पंख्याच्या पात्याखाली दिवा आला तर उजेड सतत थरथरतो, म्हणून दोन्हींच्या जागा इलेक्ट्रिशियनकडून एकाच वेळी आखून घ्या. दिव्याचा उजेड पिवळसर ठेवला तर वरणभात, आमटी, भाजी सगळं ताजं दिसतं.

टेबलाशेजारी दोन सॉकेट हवेतच, त्यातलं एक १६ ॲम्पिअरचं. टोस्टर, इलेक्ट्रिक किटली, कधी इंडक्शन लागतं, आणि मुलं अभ्यासाला तिथेच बसतात.

आता वासाचा मुद्दा. फोडणी, मिरचीचा ठसका, तळणीचे मासे, सुक्या बोंबलांचा वास खुल्या स्वयंपाकघरातून हॉलच्या पडद्यांपर्यंत जातो. चिमणीने तो कमी होतो, पण जात नाही. ज्या घरात मासे वारंवार होतात त्यांनी स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकत्र ठेवावी आणि या दोन्हींना हॉलपासून काचेच्या सरकत्या दाराने तोडावं. यात गॅसपाशी उभं असलेलं माणूस जेवणाऱ्यांसोबत राहतं आणि वास त्या दोन जागांपुरता राहतो. मला ही रचना सगळ्यात शहाणपणाची वाटते.

६. भिंत काढायची किंवा घालायची असेल तर

कामाला हात लावण्याआधी ही एकच गोष्ट नक्की करा: भिंत कसली आहे.

बऱ्याच नव्या उंच इमारती मायवान पद्धतीने बांधतात. त्यात ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात, म्हणजे घरातली जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची असते आणि इमारतीचा भार वाहते. अशी भिंत तोडायचा विचारच सोडा. तिच्यात नुसती खिडकी पाडणंही धोक्याचं आहे. जुन्या वाड्यांत आणि दोन-तीन मजली जुन्या इमारतींत नऊ इंच किंवा त्याहून जाड विटांच्या भिंतींवर वरचा मजला टेकलेला असतो, त्याही काढू नयेत. आरसीसीचा सांगाडा आणि मधल्या चार-सहा इंची विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती असतील, तरच बदल शक्य आहे.

हे ठेकेदाराच्या तोंडी शब्दावर ठरवू नका. आमच्याकडे आलेल्या पहिल्या ठेकेदाराने भिंतीवर टकटक करून “काही नाही, विटेचीच आहे, दोन दिवसांत उडवतो” असं सांगितलं. आरसीसी नकाशा पाहिल्यावर तिच्या एका टोकाला कॉलम निघाला. स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घरी बोलवा, फी द्या आणि लेखी पत्र घ्या. सोसायटीकडे नाहरकत मागताना तेच पत्र जोडावं लागतं.

क्रम असा ठेवा:

आधी इंजिनिअरचं पत्र. मग सोसायटीला अर्ज. कामाच्या वेळा, राडारोडा कुठे टाकायचा आणि अनामत रक्कम हे लेखी ठरवून घ्या. मग ठेकेदाराचं कोटेशन, ज्यात तोडणं, राडारोडा उचलणं, प्लास्टर, रंग आणि टाइल्सची जोडणी प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली असेल. टाइल्सची जोडणी लोक हमखास विसरतात. भिंत निघाल्यावर जमिनीवर चार-पाच इंचांची उघडी पट्टी उरते आणि तुमच्या टाइल्स आता बाजारात मिळत नसतात. नवं घर घेताना एक-दोन खोकी जास्त टाइल्स मागून ठेवा. नाहीतर तिथे काळ्या ग्रॅनाइटसारखी वेगळी पट्टी बसवावी लागते.

भिंत फोडण्याआधी तिच्यातून जाणाऱ्या विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या कुठे आहेत ते तपासून घ्या. पाइपचा गॅस असेल तर पाइप किंवा मीटर हलवायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

पूर्ण भिंत काढायलाच हवी असंही नाही. आम्ही कॉलम तसाच ठेवून, टेबलाच्या बाजूने भिंतीत साडेचार फूट रुंद खिडकी पाडली आणि खाली कट्टा ठेवला. भांडी त्यावरून सरकवता येतात, मला सगळे दिसतात, त्यांना मी.

बाल्कनी बंद करून तिथे जेवणाचं टेबल टाकायचा सल्ला हमखास मिळतो. महापालिकेच्या परवानगीशिवाय बाल्कनी बंद करणं बेकायदा बांधकामात मोडतं, आणि घर विकताना किंवा खरेदीदाराला कर्ज मिळताना ते आडवं येतं. पावसाळ्यात तिथलं पाणी आत येतं ते वेगळंच. स्वयंपाकघराला जोडलेल्या, धुण्याभांड्याच्या ड्राय बाल्कनीच्या बाबतीतही हेच.

७. वेगळी खोली कुणी जरूर ठेवावी

घरात आठ-दहा माणसं रोज जेवत असतील, म्हणजे एकत्र कुटुंब असेल, तर ठेवा. घरात रोज वाढायला कामाचं माणूस असेल तर ठेवा. घरी क्लास, दवाखाना किंवा ऑफिस चालतं आणि हॉलमध्ये बाहेरची माणसं बसलेली असतात, तर नक्कीच ठेवा. नाहीतर मुलांना ताट घेऊन कुठे बसायचं तेच कळत नाही. बंगला बांधत असाल आणि जागेची अडचण नसेल, तरीही ठेवा, पण स्वयंपाकघराला लागून आणि मधल्या भिंतीत रुंद मोकळी जागा असलेली.

गोव्यात सासष्टीतल्या चांदोर, लोटलीसारख्या गावांत जुन्या ख्रिस्ती घरांमधल्या लांबलचक टेबलाच्या खोल्या पाहिल्या की मोह होतो. पण ती घरं मोठ्या मेजवान्यांसाठी आणि हाताखाली नोकरमाणसं धरून बांधलेली होती. ती मांडणी फ्लॅटमध्ये आणली की नोकरांचं काम घरच्या एका माणसावर येतं.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न उलटा असतो. तिथल्या बऱ्याच घरांत दर्शनी दाराशेजारी पाहुण्यांची जेवणाची खोली आधीच असते आणि स्वयंपाकघरापाशी रोजच्या जेवणाची छोटी जागा वेगळी. माझा भाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याने दोन वर्षं ती खोली वर्षातून तीन-चारदा वापरली. मग तिथे देवघर आणि घरून काम करायचं टेबल मांडलं, आणि गणपतीत मूर्ती तिथेच बसते. त्याच्या अनुभवातल्या दोन गोष्टी. टेबल हलवलं की वर लोंबणारं झुंबर डोक्याला लागतं, ते आधी वर घ्या. आणि खोलीत गालिचा असेल तर हळदीचा डाग निघत नाही, तेव्हा जेवायला ती खोली वापरणार असाल तर आधी जमीन बदला.

८. सणवार आणि पंगत

“पण गौरीला पंचवीस माणसं असतात” हा वेगळ्या खोलीच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा असतो. घरातल्या मोठ्यांनी तो मांडला तर झिडकारू नका. फक्त गणित करा. पंगतीत एका माणसाला साधारण अडीच फूट रुंदी लागते आणि पाट, ताट मिळून पुढे-मागे साडेतीन फूट जागा. समोरासमोर पाच-पाच जणांच्या दोन रांगा आणि वाढणाऱ्याला मध्ये तीन फूट, म्हणजे साडेबारा बाय दहा फूट मोकळी जमीन. दहा बाय दहाच्या जेवणाच्या खोलीत, जड टेबल मध्ये असताना, हे होत नाही. मोठ्या हॉलमध्ये टीपॉय हलवला की होतं.

म्हणजे सणांसाठी वेगळी खोली लागत नाही, मोकळा हॉल लागतो. केळवण, हळदीकुंकू, श्राद्धाचं जेवण, सगळ्यांना हेच लागू. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी टेबल, बाकीच्यांची पंगत, आणि ही दोन्ही एकमेकांना दिसतील अशी. सासूबाईंना टेबलावरून पंगत दिसली पाहिजे, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आमच्या दार असलेल्या खोलीत पहिल्या गौरीला त्या एकट्या आत बसून जेवल्या. ते मला अजून लागतं.

घडीचं टेबल किंवा दोन्ही बाजूंना फळी ओढून लांब करता येणारं टेबल घेतलं तर रोज चार आणि सणाला आठ असं जमतं. खुर्च्यांऐवजी एका बाजूला बाक ठेवला तर त्यावर तीन मुलं बसतात आणि एरवी तो टेबलाखाली सरकतो.

९. टेबल खरेदी

इथे थोडक्यात सांगते. संगमरवर घेऊ नका. हळदीचा डाग मुरतो, आणि लिंबू, चिंच, कोकमाने त्याची झिलई जाते. ग्रॅनाइट पुसायला सोपा, पण जड. एकदा ठेवला की हलत नाही. काचेवर स्टीलच्या ताटांचा आवाज होतो आणि प्रत्येक बोट उमटतं. सागवान किंवा शिसवी टेबल चांगलं पॉलिश करून घेतलं तर वर्षानुवर्षं टिकतं, गरम पातेल्याखाली मात्र चकती लागते. खुर्चीची बैठक कापडी नको. वयस्क माणसांसाठी एक तरी खुर्ची हात असलेली घ्या, उठताना आधार लागतो. आणि टेबलाचे पाय चार कोपऱ्यांना आहेत की मध्ये, ते बसून बघा. बाकावर बसणाऱ्याच्या गुडघ्याला मधला पाय आडवा येतो.

१०. पहिला महिना काहीही पक्कं करू नका

नव्या जागेत टेबल ठेवा, पण भिंतीला फळ्या, क्रोकरीचं कपाट, लोंबता दिवा यातलं काहीही महिनाभर बसवू नका. टेबल दोन-तीनदा सरकवून बघा. इलेक्ट्रिशियनकडून दिव्याची वायर काढून ठेवा, दिवा नंतर लावा.

खिडकी पाडल्यावर आमचं टेबल तीन जागा फिरलं. शेवटी ते भिंतीपासून दीड फूट अलीकडे, कट्ट्याला टोक लावून स्थिर झालं. सासूबाईंची हाताची खुर्ची हॉलच्या बाजूला आहे, तिथून त्यांना दारही दिसतं. कट्ट्याजवळची खुर्ची माझी. शेवटच्या चार पोळ्या डब्यात घालून डबा कट्ट्यावर ठेवते, गॅस बंद करते आणि बसते.